व्हॅली ऑफ फ्लॉवर्स जूनमध्ये: फुलांचे फोटो मिळतील का? (८ ते १८ जून, नागपूरहून)

रानवाटा_नागपूर

नमस्कार मंडळी. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात खास फोटोग्राफीसाठी जायचं ठरतंय. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ८ ते १८ जून एवढे दिवस मोकळे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये रजा मिळणं अवघड. जाणारे तिघं: आम्ही दोघं चाळिशीतले आणि १३ वर्षांचा मुलगा. रोज ५-६ किलोमीटर चालायची सवय आहे, पण ३,००० मीटरच्या वर कोणीच गेलेलं नाही.

सामान: क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, १८-५५, ५५-२५० आणि १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स, १.८ किलोचा ट्रायपॉड, दोन बॅटऱ्या.

प्रश्न असे:

१. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं असतात का? नेटवर दिसणारे गुलाबी गालिच्यांचे फोटो नेमके कधीचे?
२. तीनही लेन्स न्याव्यात का?
३. नागपूर-हरिद्वार प्रवास धरून दिवस कसे बसवावेत?
४. दरीत तंबू टाकून सूर्योदय, सूर्यास्त आणि आकाशगंगा मिळेल का?

---

भोजपत्र

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं नियोजन त्यावरच उभं आहे. दरीत मुक्काम करता येत नाही. तंबू नाही, चहाची टपरी नाही, काहीच नाही. राहायचं दरीबाहेरच्या घांघरिया या वस्तीत, साधारण ३,०५० मीटरवर. गेट सकाळी ७ ला उघडतं, दुपारनंतर आत सोडणं बंद होतं आणि संध्याकाळी ५ पर्यंत सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. जूनच्या मध्यात तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो. म्हणजे सोनेरी उजेडाच्या दोन्ही वेळा गेटाबाहेरच जातात. सूर्योदय, सूर्यास्त आणि आकाशगंगा ही तिन्ही चित्रं आजच यादीतून काढून टाका, नाहीतर सहलभर त्यांची हळहळ लागून राहील.

आता चालण्याचा हिशेब. घांघरियातून निघालं की अर्ध्या किलोमीटरवर फाटा लागतो: उजवीकडे हेमकुंड (तलावाकाठचं शिखांचं तीर्थ), डावीकडे दरी. गेटवर परवाना होतो, तिघांची आधारकार्डं जवळ ठेवा. गेटनंतर वाट आधी पुष्पावतीच्या पुलाकडे उतरते, मग भूर्जांच्या रानातून दम काढणारा चढ आहे. दरी उघडी पडायला घांघरियापासून साधारण ४ किलोमीटर चालावं लागतं. कॅमेऱ्याची पिशवी पाठीवर घेऊन, वाटेत थोडंफार थांबत गेलात तर आत पोहोचेपर्यंत ९ वाजतात. परतीला अडीच-पावणेतीनला वळलात तर ५ च्या आत आरामात बाहेर पडाल. म्हणजे एका दिवसात कामाचे तास फार तर साडेपाच. यावरून एक गोष्ट ठरते: दरीला एक दिवस देऊन भागत नाही. किमान दोन द्या, जमलं तर तीन.

पहिला प्रश्न. गुलाबी गालिचे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे. त्यातला बराचसा गुलाबी रंग तेरड्याचा. कासवर फुलतो त्याच्याच कुळातला, पण इथला माणसाच्या छातीला लागेल एवढा वाढतो. जूनमध्ये त्याची जेमतेम रोपं असतात. निळी पॉपीही जुलैची, जूनमध्ये तिच्यावर विसंबू नका. ब्रह्मकमळ त्याहून उशिरा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि तेही हेमकुंडाच्या बाजूला.

मग जूनमध्ये काय? जूनमध्ये बर्फाची कड बघायची. ही दरी एकदम फुलत नाही, बर्फ जसजसा मागे सरतो तसतशी फुलत जाते. जिथून बर्फ आठ-दहा दिवसांपूर्वी गेला तिथे आज फुलं; जिथे आज बर्फ आहे तिथे पुढच्या पंधरवड्यात. म्हणून गेल्या गेल्या समोरच्या उतारांवर बर्फाचे पट्टे कुठे उरलेत ते न्याहाळा आणि वाट त्या पट्ट्यांजवळून जिथे जाते तिथे वेळ घालवा. कडेपासून दोन-तीन मीटरवर गवत अजून पिवळट आणि आडवं पडलेलं असतं, त्यातून प्रिम्युलाचे जांभळे गोंडे वर आलेले दिसतात. गोंडा लिंबाएवढा, देठ वीतभर. देठावर आणि कळ्यांच्या बुडाशी पिठासारखी पांढरी भुकटी असते. मॅक्रोमध्ये ती इतकी सुरेख येते की ती सापडल्यावर लांबचं दृश्य विसरायला होतं. सकाळी त्या भुकटीवर दव नीट ठरत नाही, मण्यासारखं गोळा होऊन बसतं.

पाणथळ जागी मार्श मेरिगोल्डची तकतकीत पिवळी फुलं, उघड्या उतारावर बुटकी जांभळी आयरिस, भूर्जांच्या खाली ट्रिलियम (तिकडे त्याला नागछत्री म्हणतात), आणि चढावर बुरांशाच्या भावकीतलं फिकट जांभळं-पांढरं झुडूप. आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याचे भाऊबंदही रानातल्या सावलीत फणा काढून उभे असतात. यातली बहुतेक सगळी मंडळी गुडघ्याच्या खालची.

थोडक्यात जून हा मॅक्रोचा महिना आणि ऑगस्ट वाइडचा, म्हणजे रुंद दृश्यांचा. डोक्यात गालिचा ठेवून जूनमध्ये गेलात तर रिकाम्या हाताने परत याल, आणि वीतभर उंचीची फुलं, बर्फ, वितळतं पाणी, मागे रतबनचं शिखर हे चित्र घेऊन गेलात तर ऑगस्टमधल्या माणसाला मिळत नाही ते तुम्हाला मिळेल. शिखरं जूनमध्येच जास्त दिसतात. ऑगस्टमध्ये ती कित्येक दिवस ढगातच असतात.

---

मंदप्रकाश

भोजपत्र यांनी वेळेचं गणित मांडलंच आहे, मी उजेडाचं सांगते.

दरी साधारण ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या मध्यात दुपारी सव्वाबाराला सूर्य क्षितिजापासून सुमारे ८२-८३ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. फुलावर वरून भगभगीत उजेड, खाली काळीकुट्ट सावली, पाकळ्यांचे तपशील धुऊन गेलेले. यावर उपाय दोनच: ढगाची वाट बघणं किंवा स्वतःचा ढग सोबत नेणं. ३० सेंटीमीटरचा घडी होणारा पांढरा डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो. मुलाच्या हाती द्या आणि फुलापासून वीत-दीड वीत अंतरावर, सूर्याच्या आड धरायला सांगा. फार लांब धरलात तर मागचं गवत उन्हात आणि फूल सावलीत अशी विचित्र फोड दिसते. तेव्हा चौकटीत येणारी मागची जागाही त्याच सावलीत बसते आहे ना, ते आधी बघा.

दुसरी अडचण वाऱ्याची. ऊन तापलं की वारा दरीतून वर वाहू लागतो. साधारण १०-११ पासून सुरू होतो आणि दुपारभर राहतो. सकाळी आत पोहोचल्यावर पहिला तास-दीड तास सगळ्यात शांत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मॅक्रो, मग वाइड. बहुतेक जण उलटं करतात, शिखरं मोकळी दिसली की आधी तिकडे धावतात. शिखराचे दोन-चार फोटो घ्यायला पाच मिनिटं पुरतात. ते उरका आणि लगेच गुडघ्यावर बसा.

मॅक्रोचे आकडे, तुमच्या क्रॉप सेन्सरसाठी:

फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मं येत असेल (१:२) तर एफ/११ ला (एफचा आकडा मोठा, तेवढं लेन्सचं छिद्र लहान) साधारण २.६ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. १:४ ला हीच जाडी ९ मिलिमीटरच्या आसपास जाते. प्रिम्युलाचा गोंडा ४-५ सेंटीमीटरचा. १:४ ला चौकट सुमारे ९ बाय ६ सेंटीमीटरची असते, गोंडा तिच्यात नीट बसतो आणि पुढची फुलं सगळी स्पष्ट येतात. एवढं पुरतं. पूर्ण १:१ वर जाऊन एफ/१६ लावण्याचा मोह टाळा. १:१ ला लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात दोन पायऱ्यांनी लहान झाल्यासारखं वागतं, एफ/१६ चं एफ/३२ होतं आणि अख्खा फोटोच मऊ पडतो. फोकस चुकला असं वाटत राहतं, पण दोष विवर्तनाचा, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा असतो. १:१ ला एफ/८ वर थांबा.

शटर वारा नसला तरी १/२०० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, वारा असला तर १/५००. आयएसओ ८०० ते १६०० लागला तर बिनधास्त लावा. थोडे दाणे चालतात, हललेली पाकळी चालत नाही. थोडाफार वारा असताना फोकस स्टॅकिंगच्या (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याच्या) नादी लागू नका. दहा फोटोंत फूल दहा जागी असतं आणि घरी सॉफ्टवेअर हात टेकतं.

रंगांबद्दल. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ५,५०० केल्विनवर कायम ठेवा. जांभळ्या-निळ्या फुलांवर ऑटो दर फोटोला वेगळा निर्णय घेतो. एकाच गोंड्याचे पाच फोटो पाच रंगांचे निघतात. मार्श मेरिगोल्डला उलट त्रास: पिवळा इतका चकचकीत की लाल चॅनल आधी जळतो आणि नेहमीच्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) ते कळतही नाही. रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि २/३ स्टॉप कमी द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बर्फ चौकटीत निम्म्याहून जास्त असेल तर १ ते १ १/३ स्टॉप वाढवा, नाहीतर तो राखेसारखा येतो. धुक्यातही २/३ च्या आसपास वाढवावं लागतं.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) न्या. निळ्या आकाशासाठी मुळीच नको (१८ एमएमला आकाशाचा एक कोपरा गडद आणि एक फिकट होतो), ओल्या पानांसाठी हवा. पावसानंतर पानांवर जी पांढरी चमक येते ती पोलरायझर फिरवला की निघून जाते आणि खालचा हिरवा वर येतो. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, मॅक्रो करताना काढून ठेवा.

लेन्स: १०० मॅक्रो आणि १८-५५ नक्की. ५५-२५० चं वजन कमी असतं म्हणून तीही न्या. शिखरांचे तुकडे आणि पक्षी, दोन्हींना कामी येते. घांघरियाच्या आसपासच्या रानात आणि वरच्या उतारांवर मोनाल असतो.

---

घाटरस्ता

माझं मत थोडं वेगळं आहे. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर २५ जुलै ते १५ ऑगस्ट सोडून दुसऱ्या वेळी जाऊ नये. १९३१ साली कामेट शिखराहून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ यांना ही दरी सापडली आणि ती जगभर गाजली ती फुलांच्या विविधतेमुळे, आणि ती विविधता भर पावसाळ्यातच दिसते. जूनमध्ये फुलांच्या जाती मोजक्याच.

पण एक मान्य करायला हवं: जुलै-ऑगस्टमध्ये त्या रस्त्याचा भरवसा देता येत नाही. दरडी कोसळून बद्रीनाथ महामार्ग तासन् तास, कधी दिवसभर बंद राहतो. जोशीमठच्या अलीकडचा पागल नाला तर नावाप्रमाणेच वागतो. पावसाळ्यात जायचं तर दोन दिवस निव्वळ अडकण्यासाठी राखून ठेवावे लागतात. तुमच्याकडे एकूण ११ दिवस आणि सोबत मुलगा, तेव्हा जूनचा निर्णय त्या अर्थी शहाणपणाचा आहे. मोसमी पाऊस उत्तराखंडात साधारण २० जूनच्या पुढे पोहोचतो, त्याआधी तुम्ही बाहेर पडलेले असाल. दुपारच्या सरी मात्र जूनमध्येही येतात.

जूनचा खरा त्रास गर्दीचा. चारधाम यात्रा अगदी भरात असते. हेमकुंडही मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडलेलं असतं, त्यामुळे गोविंदघाट ते घांघरिया वाट यात्रेकरू आणि खेचरांनी भरलेली असते. यात्रेची नोंदणी राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आधी करून घ्या, तपासणी नाक्यावर विचारतात. खोल्याही आधीच ठरवा. घांघरियात गुरुद्वारात राहायची सोय होते, पण कॅमेरे, ओले कपडे आणि चार्जिंग यांचा पसारा मांडायला स्वतःची खोली असलेली बरी.

दिवस असे बसवा:

८ आणि ९ जून: नागपूर ते हरिद्वार, दिल्लीमार्गे. मुक्काम हरिद्वार किंवा हृषीकेश.

१० जून: पहाटे ४-५ ला निघा. हृषीकेश ते जोशीमठ अंदाजे २५० किलोमीटर, पण १० तास धरा. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग सगळे वाटेत आहेत. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांच्या पाण्याचे दोन रंग रस्त्यावरूनच दिसतात, १०-१५ मिनिटं थांबा, पुढे मात्र रेंगाळू नका. डोंगरात रात्री प्रवासी गाड्या चालवू देत नाहीत, उशीर झाला तर वाटेत मिळेल तिथे झोपावं लागतं. जोशीमठ (आता कागदोपत्री ज्योतिर्मठ) गाठता आलं नाही तर पिपलकोटी.

११ जून: जोशीमठ ते गोविंदघाट २० किलोमीटरच्या आसपास, तिथून पुलनापर्यंत ४ किलोमीटर जीप. पुलनाहून घांघरिया ९-१० किलोमीटर चढ, तुम्हाला ५ ते ६ तास. कपड्यांच्या पिशव्या खेचरावर टाका. कॅमेऱ्याची पिशवी टाकू नका: खेचर वाटेच्या कडेच्या दगडांना पाठ घासतं आणि पाऊस आला की ताडपत्री घालायला कोणी धावत येत नाही.

१२ जून: दरी. १३: हेमकुंड किंवा आराम. १४: दरी. १५: हाताशी राखलेला दिवस, हवा चांगली असेल तर तिसऱ्यांदा दरी, नाहीतर खाली उतरून जोशीमठ. १५ ला उतरलात तर १६ ला हरिद्वार, १७-१८ घर; १५ ला दरीत गेलात तर १६ ला जोशीमठ, १७ ला हरिद्वार आणि १८ ला घर.

राखीव दिवस शेवटी ठेवलाय हे लक्षात घ्या. पुष्कळ जण तो आधीच बद्रीनाथला खर्च करतात आणि मग दरीत पाऊस लागला की हात चोळत बसतात. बद्रीनाथ करायचंच असेल तर १५ ला.

---

रानवाटा_नागपूर

खूप आभार. गालिच्याचा हट्ट सोडला, जून पक्का. बर्फाच्या कडेची कल्पना फार आवडली.

आता पुढचे प्रश्न. बर्फ वाटेवरही असतो का, मुलासाठी धोका किती? हेमकुंड फोटोंच्या दृष्टीने करण्यासारखं आहे का? आणि घांघरियात चार्जिंगचं काय? आमच्या बॅटऱ्या ७.२ व्होल्ट, १०४० एमएएचच्या छोट्या आहेत, दिवसभरात एक सहज संपते.

---

चढउतार

वाटेवर बर्फ असतो. दरीत ओढे जिथे वाट ओलांडतात तिथे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फाचे पट्टे असू शकतात. सकाळी पृष्ठभाग घट्ट आणि निसरडा, दुपारी मऊ. बुटांवर ओढून चढवायचे लोखंडी दात असलेले रबरी पट्टे मिळतात, तिघांसाठी एकेक जोडी घ्या, शिवाय प्रत्येकी एक काठी.

धोका निसरड्यापेक्षा पोकळीचा जास्त. ओढा बर्फाच्या खालून वाहत असतो आणि बर्फाला आतून पोखरत असतो. वरून जाड दिसणारा पट्टा कडेला चार बोटांचाच असू शकतो. फोटोसाठी नेमकं त्याच कडेवर उभं राहावंसं वाटतं, कारण तिथून निळी पोकळी आणि पाणी दोन्ही दिसतं. तिथे मुलाला किंवा कोणालाच उभं करू नका. पट्टा फक्त मळलेल्या पाऊलवाटेवरून ओलांडा, मध्ये थांबू नका, फोटो पलीकडे पोहोचल्यावर दगडावरून घ्या.

उंचीचं सांगतो. घांघरिया ३,००० च्या वर, हेमकुंड ४,००० च्याही वर. हेमकुंडाचा चढ ६ किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त आहे. म्हणूनच घाटरस्ता यांनी दरी आधी आणि हेमकुंड नंतर ठेवलंय ते बरोबर आहे. घांघरियात दोन रात्री झोपल्यावर चढावं. जोशीमठची रात्रही कामी येते, ती वगळून हृषीकेशहून थेट वर जायचा विचार करू नका. डोकं दुखणं आणि त्यासोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणं किंवा चक्कर असं काही झालं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली, रात्र असली तरी. ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगावं लागतं.

हेमकुंड फोटोंसाठी जरूर करा. जूनच्या मध्यात तलावावर अजून बर्फ तरंगत असतो; पूर्ण प्रतिबिंब मिळेलच असं नाही, पण बर्फाच्या फटींमधलं गडद पाणी आणि भोवतीची शिखरं हे चित्र जूनचंच. वाटेत अटलाकोटीला हिमनदी कापून वाट काढलेली असते, माणसाच्या मागे बर्फाची भिंत येते, तिथे उंचीचा अंदाज देणारा फोटो छान मिळतो. ढग साधारण १० नंतर चढू लागतात, म्हणून घांघरियातून पहाटे ४:३०-५ ला निघा. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी उतरायला लागायचं. मुलगा दमला तर इथे खेचर मिळतं. दरीत खेचरं सोडत नाहीत, तिथे फक्त पाठीवरच्या टोपलीतून नेणारे कंडीवाले.

---

मंदप्रकाश

चार्जिंगचा हिशेब. घांघरियात वीज बेभरवशाची, ठरावीक तासच मिळेल असं धरून चला. आणि खोलीत एखादाच पॉइंट असतो, त्यावर तीन मोबाइलही लागलेले.

तुमची बॅटरी ७.५ वॉट-अवर. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. त्यातले साधारण ३५ टक्के व्होल्टेजच्या चढ-उतरणीत आणि उष्णतेत जातात, उरलेल्यात सहा बॅटऱ्या भरतील. दरी-हेमकुंडाच्या चार दिवसांना हे पुरतं, पण मोबाइलसाठी दुसरी छोटी बँक वेगळी ठेवा. यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा चार्जर विकत घ्या, कॅमेऱ्यासोबत आलेला भिंतीत खुपसायचा चार्जर इथे निरुपयोगी. बॅटऱ्या दोनच्या चार करा. थंडीत बॅटरी लवकर झोपते, म्हणून राखीव बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा. संपल्यासारखी दाखवणारी बॅटरी तळहातात दहा मिनिटं गरम केली की आणखी पन्नासेक फोटो देते.

पावसापेक्षा कॅमेरे बिघडतात ते दमटपणामुळे, आणि बहुतेक वेळा खोलीवर आल्यावर. बाहेर ७-८ अंशांत थंड झालेला कॅमेरा ओल्या कपड्यांनी आणि माणसांच्या श्वासांनी भरलेल्या उबदार खोलीत उघडला की काचेवर, आतल्या भिंगांवरसुद्धा, वाफ धरते. उपाय सोपा: दारातच कॅमेरा झिप असलेल्या पिशवीत बंद करा, हवा दाबून काढा, तासभर तसाच ठेवा. फोटो बघायची घाई असेल तर मेमरी कार्ड आधी बाहेर काढून घ्या, मग पिशवी बंद करा. घरी गेल्यावर लेन्स कपाटात न टाकता दोन-तीन दिवस सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर नागपूरचा पावसाळा सुरू झाला की बुरशी धरेल.

सरींसाठी सगळ्यात उत्तम साधन साधी मोठी छत्री. रेनकोटने माणूस वाचतो, लेन्सची काच वाचत नाही. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने काम करायचं. कॅमेऱ्यावर आंघोळीची प्लॅस्टिक टोपी ओढून ठेवा आणि लेन्सला हूड कायम लावलेला असू द्या. पुसायला सुती रुमाल नको, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या कोरड्या पिशव्यांत. एक भिजलं की त्याने पुसणं म्हणजे काचेवर पाणी पसरवणं.

---

भोजपत्र

ट्रायपॉडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून पुन्हा लिहितो. १.८ किलो वर न्यायचा की नाही, हे त्याचे पाय किती फाकतात यावर ठरवा. मधला दांडा आडवा येऊन कॅमेरा गुडघ्याच्या खाली जात नसेल तर जूनमधल्या फुलांसाठी तो कुचकामी, घांघरियात ठेवून द्या. त्याऐवजी जाड कापडाची वीतभर लांब पिशवी शिवून रिकामीच न्या आणि घांघरियात किलोभर तांदूळ किंवा डाळ भरून घ्या. दगडावर ठेवली की कॅमेरा फुलाच्या उंचीला येतो आणि हलत नाही. पिशवीवर प्लॅस्टिकचं आवरण हवं. तांदूळ भिजले की दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो. ओढ्याचं पाणी रेशमासारखं आणायला १/४ ते १/२ सेकंद पुरतं. पोलरायझर, आयएसओ १०० आणि एफ/१६ लावलं की ढगाळ हवेत एवढा वेळ मिळतो, वेगळा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लागत नाही.

आणि बसायची जागा. वाट जेमतेम दोन पावलांची. चांगला कोन मिळावा म्हणून आत चार पावलं टाकली की काय होतं ते जूनमध्ये डोळ्यांना दिसतं: बर्फाखालून नुकत्याच निघालेल्या ओल्या मातीत बूट घोट्यापर्यंत रुततो आणि त्या खड्ड्यात आठ-दहा कोंब चिरडलेले असतात. अजून फुललेलेही नसतात, म्हणून जमीन रिकामी वाटते. तिथला सगळा हंगाम चार महिन्यांचा, या वर्षी चिरडलेला कोंब पुन्हा डोकं वर काढायला पुढचा जून उजाडतो. वाटेच्या कडेलाच, दगडांच्या सांध्यात, इतकी फुलं असतात की आत जायची गरज पडत नाही. फूल आडवं आलेल्या गवताच्या काडीमागे असेल तर काडी तोडू नका, वाकवून छोट्या खड्याखाली दाबा आणि निघताना खडा काढून घ्या. ६० बाय ४० सेंटीमीटरचा फोमचा तुकडा सोबत असू द्या, वाटेवर अंथरून त्यावर आडवं होता येतं. खेचरांच्या वाटेवरून आलेले बूट गेटच्या अलीकडे धुऊन घ्या, चिखलातून बाहेरच्या तणांचं बी दरीत जाऊ नये. दरीत माजणाऱ्या अमेला या वनस्पतीची वाढ काढायला वन खात्याची माणसं आधीच घाम गाळतायत, त्यात आपली भर नको.

ड्रोन नेऊ नका, उद्यानात बंदी आहे.

---

रानवाटा_नागपूर

ट्रायपॉड आत्ताच तपासला. मधला दांडा खालपर्यंत येतो, कॅमेरा जमिनीपासून ४० सेंटीमीटरच्या खाली जातच नाही. पिशवी शिवायला घेते. ११ जूनला पुलनाहून वर चढताना रानात ट्रिलियम मिळेल का, की तो फक्त गेटच्या आत?

---

भोजपत्र

घांघरियाच्या अलीकडच्या देवदार-फरच्या सावलीतही बघत चला, पण तिथे खेचरांची ये-जा असल्याने वाटेलगत कमी. खात्रीची जागा गेटनंतरची, पूल ओलांडल्यावरच्या चढाची. तीन पानं आणि मधोमध तपकिरी-जांभळं छोटं फूल, पानांच्याच रंगात मिसळून जातं. चढताना दम खायला जिथे थांबाल तिथेच वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला, झाडांच्या बुंध्यांशी नजर टाका. उजेड कमी, १/६० आणि आयएसओ १६०० धरून चला. रानात वारा पोहोचत नाही म्हणून एवढं कमी शटर इथे चालून जातं. सकाळी जाताना जागा हेरून ठेवा आणि फोटो परतीला काढा, कारण तेव्हा उघड्या दरीत वारा असतो आणि इथे नसतो. चारच्या आत तिथे पोहोचा म्हणजे गेटपर्यंत घाई होणार नाही.